साडेतेवीस तासांची रात्र

अमेरिकेहून परतल्यानंतर मोंढ्यातील मंडळींनी मला विचारलेला पहिला प्रश्न नातवाविषयीचा नव्हता. “बिझनेस क्लासने गेलात म्हणे. किती पडले?” असे बहुतेकांनी विचारले. आडतीच्या घरात जन्मलो आणि चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे हा प्रश्न मला गैर वाटला नाही. उत्तरही सरळ आहे. एका माणसाचे जाण्याचे तिकीट इकॉनॉमीच्या सुमारे चौपट पडले आणि ते मुलाने भरले. परंतु त्या प्रवासाच्या हिशेबात मी स्वतः एक बाब धरायला विसरलो होतो. ती पैशाची नव्हती, आणि तिची भरपाई मला नव्हे, सौ.ला करावी लागली.

आधी बिझनेस क्लास का, ते सांगतो. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. पायांच्या शिरांचाही जुना त्रास आहे. दिवसभर उभे राहणे झाले की संध्याकाळी घोटे सुजतात. मुंबई ते न्यूयॉर्क हा थेट प्रवास सोळा तासांचा. आमच्या डॉक्टरांनी परवानगी दिली ती तीन अटींवर: पायांत घट्ट मोजे घालायचे, दर दोन तासांनी उठून चालायचे आणि पाणी भरपूर प्यायचे. यांतली तिसरी अट ऐकताना मी मान डोलावली होती. ती मान डोलावणे मला पुढे फार आठवले.

पायांत रक्त साकळण्याच्या धोक्याविषयी मी थोडे वाचूनही काढले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सरासरी सहा हजारांत एकाला, इतकाच असतो. ज्यांना आधीपासून शिरांचा त्रास आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र जपायचे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. हा धोका विमानापुरता नाही. बस, रेल्वे, मोटार, जेथे माणूस तासन् तास पाय मुडपून निश्चल बसतो तेथे तो आहे. इकॉनॉमी वर्गाला उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. महागड्या बिछान्यावर सोळा तास निश्चल पडून राहणाराही त्यातून सुटत नाही. परंतु हे सारे मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “बाबा, आईला पाय लांब करता आले पाहिजेत. विषय संपला.”

विषय संपला, पण हिशेब माझ्या डोक्यात चालूच होता. चौपट दराचे सोळा तास म्हणजे तासाला किती, मिनिटाला किती, हे मी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर मांडून पाहिले आणि कागद फाडून टाकला. जे येथून तिकीट काढणार आहेत त्यांच्यासाठी एक माहिती देतो. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे. वरच्या वर्गांवर तो आम्ही गेलो तेव्हा १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. धंद्याच्या कामासाठी जाणाऱ्यांनी आपल्या सल्लागाराला विचारून मगच वर्ग ठरवावा.

परभणीला विमानतळ नाही. २०२५ च्या जानेवारीच्या मध्यास आम्ही रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो. दुसरा दिवस बहिणीकडे काढला. सौ.चा चौविहार लग्नापासूनचा आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, आणि सकाळी नवकारसी झाल्याशिवाय तोंडात काही जात नाही. माझा चौविहार चातुर्मासापुरता. त्या संध्याकाळी सहाच्या आत तिने फुलके आणि मुगाची डाळ खाल्ली, शेवटचे पाणी घेतले आणि पच्चक्खाण केले. मी घड्याळ पाहिले. मुंबईचा सूर्यास्त ६ वाजून २० मिनिटांनी होता. विमान मध्यरात्रीनंतर पावणेदोनला. म्हणजे विमानात बसल्यावर चार-पाच तासांत सकाळ होणार आणि सकाळचे जेवण आरामात मिळणार, असे मी तिला सांगितलेही.

वाचकांपैकी ज्यांना भूगोल बरा येतो, त्यांच्या माझी चूक आताच लक्षात आली असेल.

विमानतळावर वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी वेगळे विश्रामगृह असते. तेथे खाण्यापिण्याची रेलचेल, गाद्यांच्या खुर्च्या आणि बाहेर उभ्या विमानांचे दर्शन. सौ. माळ घेऊन बसली. मी दोनदा चहा प्यायलो.

विमानात शिरताना डावीकडे वळायचे, एवढाच बाहेरून दिसणारा फरक. आसन मोठे, समोर पाय पसरायला बिछान्याएवढी जागा, आणि हाताशी बटणे. एक दाबले की पाठ झुकते, दुसरे दाबले की पायाखालचा भाग वर येतो, तिसरे दाबले की सारे सपाट होऊन सहा फुटांचा पलंग तयार होतो. रुंदी म्हणाल तर रेल्वेच्या एसी डब्यातील बर्थपेक्षा फार जास्त नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. सौ.ने बसण्याआधी हात फिरवून पाहिले आणि विचारले, “हे कातडे तर नाही ना?” परिचारिकेने कापड असल्याचे सांगितल्यावरच ती टेकली. पाऊचमध्ये मोजे, डोळ्यांवर बांधायची पट्टी, दात घासायचा ब्रश निघाला. तिने ते सारे नातवासाठी बाजूला ठेवले.

हा वर्ग काही फार जुना नाही. १९४८ च्या जून महिन्याच्या ८ तारखेला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा हा वर्ग जगात कोठेच नव्हता. पुढे पहिला वर्ग आणि स्वस्त वर्ग असे दोन प्रकार झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सवलतीच्या तिकिटांची चढाओढ लागली. पूर्ण भाडे भरून कामासाठी जाणारा व्यापारी आणि निम्म्या भाड्यात सहलीला जाणारा प्रवासी शेजारी शेजारी बसू लागले. पूर्ण भाडे देणारा कुरकुरू लागला, तेव्हा त्याच्यासाठी मधला एक वर्ग काढण्यात आला. म्हणून नावात ‘बिझनेस’. सपाट पलंग त्या वर्गात आले ते २००० सालापासून. आता त्यात माझ्यासारखे पेन्शनर आणि शस्त्रक्रिया झालेल्या आजी अधिक दिसतात.

विमान सुटले आणि तासाभरात ताटे आली. जैन जेवण आम्ही तिकिटाबरोबरच नोंदवले होते. विमान कंपन्यांच्या सामाईक यादीत जैन जेवणाला स्वतंत्र संकेत आहे, व्ही.जे.एम.एल.; नुसत्या शाकाहारापासून वेगळा. कांदा, लसूण, बटाटा, कोणतेही कंदमूळ नाही. बहुतेक कंपन्यांत निदान चोवीस तास आधी कळवावे लागते. आमचे जेवण नावासह चिठ्ठी लावून अगदी बिनचूक आले. सौ.ने हात जोडून ते परत केले. मी माझे खाल्ले. रात्रीचे अडीच-तीन वाजले होते आणि मला भूक नव्हती, तरी खाल्ले, कारण पैसे भरलेले होते. व्यापाऱ्याचा मुलगा आहे.

मग झोप लागली. जाग आली तेव्हा माझ्या घड्याळात साडेसात वाजले होते. मी सौ.ला म्हणालो, “उठ, उजाडले. नवकारसीची वेळ झाली की पाणी घे.” (आमचे बोलणे मारवाडीत झाले, येथे मराठी करून देतो.) तिने खिडकीची झडप वर केली. बाहेर काळाकुट्ट अंधार.

“कुठे उजाडले?”

“परभणीत उजाडले.”

“आपण परभणीत आहोत का?”

समोरच्या पडद्यावरील नकाशात विमान रशियावरून वायव्येकडे चालले होते. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. मी कागद काढला आणि जे परभणीत बसून करायला हवे होते ते गणित तेथे केले. न्यूयॉर्कचा त्या दिवसाचा सूर्योदय तेथील ७ वाजून १८ मिनिटांनी, म्हणजे आपले संध्याकाळचे ५ वाजून ४८ मिनिटे. आदल्या संध्याकाळचे ६.२० ते या संध्याकाळचे ५.४८. साडेतेवीस तासांची रात्र! त्यात नवकारसीची ४८ मिनिटे मिळवली की चोवीस तास पूर्ण होऊन वर सोळा मिनिटे.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. उत्तरेकडे जावे तसा हा वेग कमी होतो, कारण तेथे फेराच लहान होतो. ६० अंश अक्षांशावर तो बरोबर निम्मा, म्हणजे सुमारे ८३५ किलोमीटर उरतो. मुंबईहून न्यूयॉर्कचा जवळचा मार्ग मध्य आशिया, युरोपचा उत्तर भाग, ग्रीनलँडचे टोक असा त्याच उत्तरेच्या भागातून जातो, आणि विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास. विमान पश्चिमेकडे जेवढे धावते, जवळजवळ तेवढीच पृथ्वी त्याला पूर्वेकडे फिरवून आणते. मागून येणारा सूर्य गाठूच शकत नाही. त्यात जानेवारी, त्या भागात सूर्य तसाही नऊ-दहा वाजता उगवणारा. रात्री निघून पश्चिमेकडे गेले की रात्र लांबते. दिवसा निघून गेले तर दिवस लांबतो. एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात हे नव्हते, पण सहावीच्या भूगोलात होते.

मी वकिली सुरू केली. पच्चक्खाण मुंबईत घेतले, तेव्हा वेळ मुंबईची धरावी. परभणी शाखेचा दिवस परभणीत मिटतो, अधिकारी दौऱ्यावर कोठेही असो. सौ.ने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, “तुमचे खाते घड्याळाशी असेल. माझे सूर्याशी आहे. तो दिसू दे.” मग मी आगारांचा आधार घेतला. पच्चक्खाणात आजारपणासाठी, मनाची समाधी टिकावी यासाठी सवलत ठेवलेलीच आहे, डॉक्टरांनी पाणी सांगितले आहे, आणि हट्ट करणे म्हणजे धर्म नव्हे, असेही म्हणालो. तिचे उत्तर मला तोंडपाठ आहे. “आगार आहे, मला माहीत आहे. पण अजून मला काही झालेले नाही. मग आगार कशाला? पाय सुजला तर मी स्वतः पाणी मागीन.”

हा करार मला मान्य करावा लागला. परंतु तो पाळताना माझी जी अवस्था झाली ती सांगतो. विमानातील हवा अत्यंत कोरडी असते. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आत आहे, यावरून कल्पना यावी. माझे ओठ सुकत होते आणि मी घोट घोट पाणी पीत होतो. शेजारी ती कोरड्या तोंडाने पडली होती. दर तासाला मी तिला उठवून चालवले. दर तासाला मोज्यांवरून तिच्या घोट्याभोवती अंगठा आणि बोट टेकवून माप घेतले. ती हसत होती. “रोजमेळ लिहून ठेवा,” म्हणाली. परिचारिका तीन वेळा फळांचा रस घेऊन आली. तिसऱ्या वेळी मी तिला सारे समजावून सांगितले. त्या मुलीने पाण्याच्या दोन बंद बाटल्या आणून सौ.च्या उशाशी ठेवल्या आणि म्हणाली, “आजी, सूर्य दिसला की मला हाक मारा.”

मध्ये एकदा मी एकटाच पडदा ओलांडून मागच्या भागात गेलो. अंधारात माणसे मान वाकडी करून झोपली होती. शेवटच्या ओळींत एक वयस्क जोडपे जागे होते. बाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा. नाशिककडचे निघाले. मुलीच्या बाळंतपणासाठी चालले होते आणि ही त्यांची तिसरी खेप. “पाय अवघडतात हो,” बाई म्हणाल्या, “पण उभे राहिले की बरे वाटते.” मी किती नंबरच्या आसनावर आहे असे त्यांनी विचारले. मी ‘पुढे आहे’ एवढेच सांगितले. का लपवले, ते अजून कळलेले नाही.

आपल्या जागी परतल्यावर मला वीरचंद राघवजी गांधींची आठवण झाली. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना होते. साधूंना समुद्रप्रवास करता येत नसल्याने त्यांनी या तरुण श्रावकाला तयार करून पाठवले. समाजातील काहींनी त्या प्रवासाला हरकत घेतली होती. बोटीने आठवडेच्या आठवडे गेले. सूर्य मात्र रोज उगवत आणि मावळत होता. बोट सूर्याशी शर्यत लावत नाही. तेव्हाच्या श्रावकाला अन्नाची अडचण होती. आम्हाला चिठ्ठी लावलेले जैन जेवण समोर येत होते आणि दिवसच सापडत नव्हता.

घड्याळात दुपारचे बारा वाजले, तीन वाजले. बाहेर तोच अंधार. पाचच्या सुमारास कॅनडावरून दक्षिणेकडे वळताना डाव्या बाजूला, मागे, तांबडी रेघ दिसू लागली. सौ. उठून बसली, तोंड पुसले, केस नीट केले आणि झडपेशी डोळे लावून बसली. रेघ रुंद होत गेली, पण बिंब काही वर येईना. विमान खाली उतरू लागले, ढगांत शिरले, चाके टेकली. तेथील सव्वासात वाजले होते. विमान धावपट्टीवरून फाटकाकडे सावकाश जात असताना गोदामांच्या छपरांवरून सूर्य वर आला. लगेच पाणी नाही. अजून ४८ मिनिटे होती. परिचारिकेने दारात उभे राहून विचारले, “आता?” सौ.ने नाही म्हणून मान हलवली आणि तिच्या गालाला हात लावला.

ती ४८ मिनिटे इमिग्रेशनच्या रांगेत गेली. चाकाची खुर्ची आली होती, तीत ती बसली. आठ वाजून सहा मिनिटांनी, सामानाच्या पट्ट्यापाशी, तिने नवकार म्हणून बाटली उघडली. पहिला घोट घेताना तिचा हात थरथरला. तेवढाच. घोटे माझ्या मापाने जसेच्या तसे होते. बाहेर मुलगा उभा होता. त्याने विचारले, “आई, बिछाना कसा होता?” ती म्हणाली, “फार छान. पाय लांब करून झोपले.” बाकी काही ती बोलली नाही आणि मलाही बोलू दिले नाही.

परतल्यावर डॉक्टरांना मी सर्व सांगितले. ते रागावले, आणि माझ्यावरच रागावले. एवढ्या कोरड्या हवेत शिरांचा त्रास असलेल्या बाईने चोवीस तास बिनपाण्याने राहणे हा धोकाच होता. काही झाले नाही, हे नशीब. “त्यांचा नियम त्यांनी पाळला. तुम्हाला आधी विचार करता आला नाही का?” असे ते म्हणाले. ते योग्यच होते. कर्जाच्या प्रत्येक प्रस्तावात मुदत, व्याज, तारण सारे तपासणारा मी, ज्या सूर्यावर तिचा रोजचा दिवस चालतो त्याचे वेळापत्रक पाहायला विसरलो होतो. आणि कोणी वाचक यातून स्फूर्ती घेऊन आजारी माणसाला असा प्रवास घडवू पाहील, तर तसे करू नये, हे डॉक्टरांच्या वतीने मी येथे लिहितो.

परतीचा प्रवास मार्चमध्ये झाला, आणि तो उलटा. विमान तेथून दुपारच्या आधी निघाले. पूर्वेकडे जाताना सूर्य सामोरा येत असतो, त्यामुळे रात्र आखडते. आमच्या वाट्याला ती जेमतेम सात-आठ तासांची आली. जेवण आले तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होते. सौ.ने सूप, खिचडी, फळे, सारे घेतले, पलंग सपाट केला आणि जी झोपली ती मी हलवून उठवीपर्यंत. सकाळी दोन कप चहा मागून घेतला. “आता वसूल झाले,” म्हणाली.

गेल्या महिन्यात मोंढ्यातील एका शेजाऱ्यांच्या मुलाने दुकानात येऊन विचारले, आईला डिसेंबरात अमेरिकेला पाठवायचे आहे, कोणता वर्ग घ्यावा? त्यांचाही चौविहार. मी त्याला बसवले, पंचांग काढले आणि आधी सुटण्याची वेळ विचारली. रात्रीचे दोन, असे त्याने सांगितले. मग आम्ही दोघांनी कागद घेऊन मुंबईचा सूर्यास्त आणि तेथील सूर्योदय मांडला. त्याने ते तिकीट रद्द केले. आता दिवसा निघणारे, वाटेत एक मुक्काम असलेले तिकीट पाहतो आहे. वर्ग अजून ठरलेला नाही.